आठवी पास इंजिनिअर

आमच्या होस्टेलच्या मागे, मेसच्या भिंतीला लागून पत्र्याची एक शेड आहे आणि त्या शेडमध्ये जनरेटर आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट जाते (ती नेमकी त्याच रात्री का जाते, हे कोडं अजून एकाही ब्रँचला सुटलेलं नाही!), वॉचमन काका टॉर्च घेऊन खाली जातात आणि दोन मिनिटांत ते धूड धडधडायला लागतं. मग सगळ्या मजल्यांवरून एकच जल्लोष! त्या जनरेटरवर ठळक अक्षरांत नाव आहे – कमिन्स. दोन वर्षं मी ते नाव येता-जाता वाचलं. टाटा हे जसं आडनाव आहे तसं हेही कुणाचं तरी आडनाव असेल, असं मात्र कधी डोक्यात आलं नाही.

थर्ड इयरला इंजिनांचा विषय आला आणि मला हा माणूस भेटला. म्हणजे अर्थातच लायब्ररीत भेटला, कारण त्याला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. नाव क्लेसी लायल कमिन्स. शिक्षण आठवी पास. नोकरी ड्रायव्हरची. आणि कर्तृत्व काय, तर अमेरिकेत डिझेल इंजिन रस्त्यावर आणून दाखवलं!

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. पण हा माणूस मला मराठीतच सांगावासा वाटला, कारण त्याच्या मागे मी लागले ती आमच्या मामाच्या जीपमुळे. ती गोष्ट पुढे ओघात येईलच. आधी क्लेसी.

त्याचा जन्म २७ डिसेंबर १८८८ चा, इंडियाना राज्यातल्या हनी क्रीक नावाच्या खेड्यातला. घर शेतकऱ्याचं. शाळा आठवीपर्यंतच झाली. पण वयाच्या अकराव्या वर्षी या पोरानं लाकडाचे साचे कोरून, त्यात वितळलेलं लोखंड ओतून स्वतःचं वाफेचं इंजिन तयार केलं होतं. अकराव्या वर्षी! आपण फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फाउंड्रीचा एक जॉब करतो, आणि त्यातलाही निम्मा हेल्पर काका करून देतात. असो.

१९०८ मध्ये कोलंबस नावाच्या गावातल्या एका बँकरनं त्याला नोकरीवर ठेवलं. (हे कोलंबस इंडियानातलंच एक छोटं गाव, अमेरिका शोधणाऱ्याशी त्याचा संबंध नावापुरताच.) बँकरचं नाव विल्यम ग्लँटन आयर्विन. त्यांच्याकडे पॅकार्ड कंपनीची मोटार होती. ती चालवायची आणि ठाकठीक ठेवायची, हे क्लेसीचं काम. त्या काळी गाडी कुठेही बंद पडायची आणि वाटेत गॅरेज नसायचं, म्हणून ड्रायव्हर हाच मेकॅनिकही असायचा. १९११ मध्ये इंडियानापोलिसला ५०० मैलांची पहिली रेस झाली, ती रे हॅरून या ड्रायव्हरनं जिंकली. त्याच्या गाडीच्या मदतनिसांत आपला क्लेसीही होता.

आयर्विनसाहेबांनी या पोराचा हात ओळखला होता. त्यांनी त्याला आपल्या गॅरेजच्या जागेतच मशीन शॉप काढू दिलं, आणि पुढे पैसाही लावला. ३ फेब्रुवारी १९१९ ला कमिन्स इंजिन कंपनी स्थापन झाली. नाव ड्रायव्हरचं, भांडवल मालकाचं!

आता डिझेलबद्दल थोडंसं, इतर ब्रँचच्या मित्रमैत्रिणींसाठी. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणाला प्लगची ठिणगी लागते. डिझेल इंजिनाला प्लगच नसतो. त्यात नुसती हवा इतकी दाबतात की ती प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९७ मध्ये हे यशस्वीपणे चालवून दाखवलं. तेल कमी लागतं, आणि तेही पेट्रोलपेक्षा स्वस्त. पण एवढा दाब सोसायचा म्हणजे सगळे भाग जाडजूड हवेत. त्यामुळे ती इंजिनं अगडबंब असायची आणि जहाजांत नाहीतर कारखान्यांत एका जागी बसून चालायची. हे इंजिन रस्त्यावर धावेल, असं अमेरिकेत फार कुणाला वाटत नव्हतं.

क्लेसीनं ह्विड नावाच्या माणसाकडून एका छोट्या इंजिनाचं लायसन्स घेतलं आणि शेतीच्या कामाला उपयोगी पडतील अशी इंजिनं बनवायला सुरुवात केली. सीअर्स रोबक ही कॅटलॉगवर माल विकणारी मोठी कंपनी. तिनं मोठी ऑर्डर दिली. झालं, आता भरभराट, असं वाटलं असणार. पण सीअर्सची अट होती की माल पसंत पडला नाही तर पैसे परत. शेतकरीही हुशार! इंजिन मागवायचं, हंगामभर वापरायचं, काम संपलं की परत पाठवून पैसे घ्यायचे. त्यात सुरुवातीच्या इंजिनांत दोषही होतेच. इंजिनं परत येऊन पडायला लागली आणि कंपनी गाळात गेली.

इथून पुढची दहा वर्षं मला सगळ्यात जास्त भिडली, कारण पुस्तकात ती चार ओळींत उरकलेली असतात. दहा वर्षं म्हणजे अकरावीपासून पी.एच.डी.पर्यंतचा काळ! या सगळ्या काळात कंपनीला नफा म्हणून नाही. क्लेसी फवाऱ्याची पद्धत सुधारत होता, पेटंट घेत होता, बोटींसाठी इंजिनं विकत होता, आणि आयर्विनसाहेब पैसे घालत होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. मोठमोठ्या लोकांची दिवाळी... म्हणजे ख्रिसमस अंधारात जायची वेळ आली. आयर्विनसाहेबांचाही धीर सुटत चालला. कंपनी बंद करावी, या विचारापर्यंत ते आले होते.

अशा वेळी आपण काय करू? मी तर पॉवरपॉईंट केलं असतं! क्लेसीनं एक जुनी, वापरलेली पॅकार्ड लिमोझिन घेतली. तिचं पेट्रोल इंजिन काढून टाकलं आणि त्या जागी आपलं मॉडेल यू नावाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं.

वाक्य एका ओळीचं आहे, पण ज्यांनी इंजिन बदलण्याचं काम जवळून पाहिलंय त्यांना विचारा. इंजिन नुसतं खड्ड्यात सोडलं की झालं, असं नसतं. त्याचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत यायला हवा, नाहीतर कंपनानं सगळं खिळखिळं होतं. नवीन इंजिन जड असेल तर पुढच्या पाट्यांवर भार येतो. ऑईल संप खाली ॲक्सलला घासायला नको, वर बॉनेट बंद व्हायला हवं, समोर रेडिएटरला जागा उरायला हवी. आणि डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देतं, तर पॅकार्डचे गिअर पेट्रोल इंजिनाच्या हिशेबानं केलेले. क्लेसीचं इंजिन मुळात बोटीच्या कामाचं, लिमोझिनच्या नाजूक नाकात बसवायचं नव्हेच. तरी त्यानं ते बसवलं.

२५ डिसेंबर १९२९, ख्रिसमसचा दिवस. क्लेसीनं आयर्विनसाहेबांना गाडीत बसवलं आणि गावातून फिरवून आणलं. एकवीस वर्षांपूर्वी याच माणसाची पॅकार्ड चालवायला तो नोकरीला लागला होता. आता त्यानं त्यांनाच पॅकार्डमधून फिरवलं, फक्त बॉनेटखालचं इंजिन स्वतःचं होतं. अमेरिकेतली ही पहिली डिझेल मोटारगाडी मानली जाते. आयर्विनसाहेबांनी कंपनी बंद करायचा विचार सोडला. दहा वर्षांच्या हिशेबाच्या वह्यांनी जे पटलं नसतं, ते एका फेरीनं पटलं.

मग क्लेसी थांबलाच नाही. जानेवारी १९३० मध्ये तीच गाडी घेऊन तो इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला निघाला. अंतर ७९२ मैल, म्हणजे सुमारे १,२७५ किलोमीटर. आणि इंधनाचा खर्च? १ डॉलर ३८ सेंट! मंदीत होरपळणाऱ्या देशात हा आकडा वर्तमानपत्रांनी उचलला नसता तरच नवल.

लोक म्हणायचे डिझेल हळू चालतं. म्हणून १९३१ मध्ये डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यानं डिझेल गाडी ताशी १०० मैलांच्या वर पळवली. लोक म्हणायचे डिझेल टिकत नाही. म्हणून त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या रेसमध्ये त्याची गाडी उतरली. डेव्ह इव्हान्स हा ड्रायव्हर. गाडी आली तेराव्या नंबरावर. तुम्ही म्हणाल, तेरावा नंबर काय सांगतेस! पण बाकीचे तेलपाण्यासाठी पिटमध्ये थांबत होते आणि ही गाडी ५०० मैल एकदाही न थांबता धावली. त्या रेसमध्ये असं पहिल्यांदाच घडलं होतं. कुणाच्या मताला त्यानं भाषणानं उत्तर दिलं नाही. प्रत्येक वेळी गाडी चालवून दाखवली.

आता खरी गोष्ट.

त्याच १९३१ च्या उन्हाळ्यात त्यानं एका ट्रकमध्ये आपलं डिझेल इंजिन बसवलं आणि न्यूयॉर्कहून थेट लॉस एंजेलिसला निघाला. पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, तीन हजार मैलांच्या वर, आणि इंधनाचा खर्च अवघा ११ डॉलर २२ सेंट. रेकॉर्ड झालाच म्हणायचा. पण कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला उतरताना एक लांब, तीव्र घाट लागतो, कहोन पास. त्या उतारावर ट्रकचे ब्रेक तापून निकामी झाले. ट्रक सुसाट सुटला. खाली रस्त्याला आडवे रेल्वेचे रूळ, आणि रुळांवरून मालगाडी चाललेली! केवळ नशिबानं, अगदी थोडक्यात टक्कर चुकली आणि क्लेसी वाचला.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण मला आमची जीप आठवली.

आमच्या मामाकडे जुनी पेट्रोल जीप होती. पेट्रोल परवडेना, म्हणून मामानं आणि गावातल्या एका मिस्त्रीनं मिळून अंगणातच चिंचेच्या झाडाला चेन-पुली बांधून तिच्यात नंतरच्या मॉडेलचं डिझेल इंजिन बसवलं. (आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन, आर.सी. बुकात नोंद करून. नाहीतर ते बेकायदा आहे, हेही लिहायला हवं.) मी सुट्टीत तिथेच होते. माउंटिंग कुठे वेल्ड करायचं ते मी मोजून दिलं होतं, त्यामुळे माझा भाव वधारला होता. कॉलेजला आल्यावर मी त्याच्यावरच मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहिला. फायदे दोन पानं: मायलेज वाढलं, खर्च घटला, ओढ वाढली. तोटे एक ओळ: आवाज थोडा जास्त. मार्क चांगले मिळाले.

दिवाळीत मामा, मामी, माझा सात वर्षांचा मामेभाऊ आणि मी त्या जीपनं कोकणात निघालो. आंबा घाटात अर्ध्यावर जळका वास यायला लागला. मामाचा पाय ब्रेकवर, आणि पॅडल खाली खाली जात चाललेलं. मामा काही बोलला नाही. त्यानं धडपडत गिअर खाली टाकला आणि जीप डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. थांबली. मामी देवाचं नाव घेत होती. मामेभाऊ झोपलेलाच होता. मामा नंतर एवढंच बोलला, की पेट्रोल इंजिन होतं तेव्हा उतारावर पाय सोडला की गाडी धरून ठेवायची, आता ती धरतच नाही.

मामाचं शिक्षणही फारसं नाही. पण इंजिनिअरिंगच्या पोरीच्या रिपोर्टमध्ये जे नव्हतं, ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल बंद होतो. पिस्टन बंद दारातून हवा ओढायची धडपड करतो आणि त्या धडपडीत गाडीचा वेग कमी होतो. डिझेल इंजिनात बंद करायला असा थ्रॉटलच नाही. हवा मोकळी आत येते, दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी उसळून पिस्टनला परत खाली ढकलते. दाबताना घेतलेली ताकद ती बरीचशी परत देऊन टाकते! म्हणजे ज्या गुणामुळे डिझेल काटकसरी, त्याच गुणामुळे ते उतारावर बेभरवशाचं. त्यात इंजिन जड, आणि ब्रेक मात्र जुनेच.

क्लेसीच्या ट्रकचं कहोन पासमध्ये नेमकं हेच झालं होतं. फरक एवढाच, की क्लेसीनं ते लक्षात ठेवलं.

मधली वर्षं भराभर गेली. मंदी, नवीन ट्रक इंजिनं, १९३७ मध्ये कंपनीला पहिला नफा (स्थापनेनंतर अठरा वर्षांनी!), मग महायुद्ध आणि त्यानंतरची भरभराट. अमेरिकेच्या हायवेवर डिझेल ट्रक ही नेहमीची गोष्ट झाली. १९५५ मध्ये क्लेसी कंपनीतून निवृत्त झाला. वय ६६. पैसा होता, नाव होतं, कॅलिफोर्नियात घर होतं. आरामखुर्चीत बसायला हरकत नव्हती. पण त्याच्या डोक्यात तो घाट होता. त्यानंच डिझेल रस्त्यावर आणलं होतं. प्रत्येक उतारावर प्रत्येक ड्रायव्हर तोच धोका घेऊन चालला होता.

त्यानं जो उपाय काढला, तो इतका सोपा आहे की आपल्याला का नाही सुचला असं वाटतं. दाबलेली हवा परत ढकलते ना? मग ती ढकलायच्या आधीच तिला बाहेर सोडून द्यायची! पिस्टन हवा दाबत अगदी वर पोहोचला की त्याच क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायचा. हवा निसटली, स्प्रिंग गेली. इंजिन ताकद घेतं, पण परत देत नाही. ताकद निर्माण करणारं यंत्र उतारावर ताकद खाणारं यंत्र होतं.

पण व्हॉल्व्ह नेमका त्या क्षणी उघडायचा कसा? इथे त्याचा आठवी पास मेंदू बघा. त्याच्या इंजिनांत तेलाचा फवारा सोडणारा इंजेक्टर कॅमवर चालायचा, आणि तो दाबला जाण्याची वेळ जवळपास तीच, पिस्टन वर पोहोचण्याची. म्हणजे योग्य वेळी हलणारा एक भाग इंजिनात आधीपासूनच होता! त्यानं त्याच हालचालीचा धक्का तेलाच्या दाबानं एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवला. नवीन कॅम नको, काही नको.

हे बनवायला पुढे आली ती जेकब्स कंपनी. ड्रिल मशीनचे चक बनवणारी. १९६१ मध्ये हा ब्रेक बाजारात आला आणि ट्रकवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं जेक ब्रेक. तो लागला की फटफट असा मोठा आवाज होतो, इतका की अमेरिकेत काही गावांच्या वेशीवर तो वापरू नका अशा पाट्या असतात. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेनं या ब्रेकला ऐतिहासिक कामगिरीचा दर्जा दिला. हे बघायला क्लेसी नव्हता. तो १९६८ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी गेला.

कहोन पास १९३१ आणि ब्रेक १९६१. मध्ये तीस वर्षं. स्वतःच्या इंजिनाचा दोष एक माणूस तीस वर्षं विसरला नाही, आणि शेवटी त्याचा बंदोबस्त करूनच थांबला. पॅकार्डची फेरी, डेटोना, इंडियानापोलिस हे सगळं भारी आहेच. पण मला विचाराल तर मी त्याला इंजिनिअर म्हणते ते या तीस वर्षांसाठी.

त्याचं नाव आपल्याकडे आलं ते १९६२ मध्ये. पुण्यात किर्लोस्करांच्या भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तीच आजची कमिन्स इंडिया. आणि १९९१ मध्ये पुण्यातच महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं मुलींसाठी सुरू केलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही हेच नाव लागलं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाच्या नावाच्या कॉलेजातून दरवर्षी शेकडो मुली इंजिनिअर होतात. मला हे फार आवडतं.

मामानं जीपला मोठे ब्रेक, बूस्टर आणि त्यासाठी लागणारा व्हॅक्यूम पंप बसवून घेतला. (डिझेल इंजिनात थ्रॉटल नाही म्हणून व्हॅक्यूमही नाही, त्याला वेगळा पंप लागतो. हेही माझ्या रिपोर्टमध्ये नव्हतं.) मी माझा रिपोर्ट परत उघडला आणि ती एक ओळ खोडून तिथे तीन पानं लिहिली. मार्क केव्हाच देऊन झाले होते, त्यामुळे सरांना वाटलं मला काहीतरी झालंय. पण त्यांनी वाचला आणि फाईल करून घेतला.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात आनंदाचा क्षण कोणता? चालू झालं, असं कुणीतरी ओरडतं तो. मग फोटो, वडापाव आणि विषय संपला. क्लेसीचं आयुष्य वाचल्यावर मला कळलं की विषय तिथे सुरू होतो. जुन्या गाडीत नवीन इंजिन बसवलं की जुने गुण जातात आणि नवीन दोष येतात. ते शोधायची जबाबदारी बसवणाऱ्याचीच. आज डिझेलच्या धुरावरून जगभर बोललं जातं, आणि ते चुकीचं नाही. आपल्याकडेही एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ आलं. क्लेसीनं उतारावरचा दोष निस्तरला, धुराचा राहिला. तो आपल्या वाट्याला आलाय.

परवा रात्री परत लाईट गेली. जल्लोष झाला. मी खिडकीतून त्या शेडकडे बघितलं आणि मनातल्या मनात आठवी पास सरांना गुड नाईट केलं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी